लंकेची वाट : दादासाहेब फाळके आणि अद्भुत शोधकथेचे चित्रपटांतर

साहित्यकृतीच्या चित्रपटांतराची चर्चा मराठीत बहुधा कादंबरीच्या अनुषंगाने होते. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली काढलेला ‘सिंहगड’ किंवा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली निर्माण केलेला ‘कुंकू’ ही उदाहरणे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. मात्र या प्रश्नाचा आरंभ आपल्याकडे वास्तववादी किंवा ऐतिहासिक कादंबरीपासून झाला नाही. तो अद्भुतरम्य शोधकथेपासून झाला. हरवलेल्या व्यक्तीच्या अथवा वस्तूच्या शोधार्थ नायकाने निघावे, वाटेतील मायावी संकटे पार करावीत आणि काही खूण घेऊन परत यावे, हा या कथेचा सांगाडा होय. १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’पासून आरंभीची मराठी कादंबरीही अद्भुताच्या आश्रयानेच वाढली. परंतु भारतीय भाषांतील अशा सर्व कथांची मातृका शोधू लागल्यास आपणांस वाल्मीकींच्या सुंदरकांडापाशी यावे लागते. समुद्रापलीकडे सीता आहे, मार्ग अज्ञात आहे, आणि एक दूत एकाकी निघाला आहे.

ही कथा १९१७ साली रुपेरी पडद्यावर आणणारे धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र आजवर भारतीय चित्रपटाचे जनक या नात्याने अनेकदा लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याच चरित्राकडे एका निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. शब्दांत वाढलेली अद्भुतकथा दृश्यात उतरवताना काय साधते आणि काय गमवावे लागते, या प्रश्नाशी फाळक्यांचे सारे आयुष्य बांधलेले होते. त्यांचा उत्कर्ष त्या प्रश्नाच्या एका उत्तरातून झाला, आणि त्यांचा उत्तरकाळ ते उत्तर कालबाह्य ठरल्यामुळे झाकोळला, असे म्हणावयास हरकत नाही.

२

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंदशास्त्री ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाल्यामुळे ते सहकुटुंब मुंबईस आले. ज्या घरात पुराणे आणि महाकाव्ये नित्याच्या पठणात होती, त्या घरात या मुलाचे कान घडले. त्या काळी रामकथा पुस्तक उघडून वाचण्यापेक्षा ऐकली अधिक जात असे. श्रीधरस्वामींचा १७०३ साली पूर्ण झालेला ‘रामविजय’ घरोघर वाचला जाई, तोही एकाने वाचावा आणि इतरांनी ऐकावा अशा रीतीने. एकनाथांचे ‘भावार्थरामायण’ आणि मोरोपंतांची रामायणे कीर्तनकारांच्या मुखातून समाजात खेळत होती. फाळक्यांच्या प्रेक्षकांची तयारी याच श्रवणपरंपरेने केली होती, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

कानाच्या या शिक्षणास पुढे डोळ्याच्या शिक्षणाची जोड मिळाली. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि संबंधित तंत्रे आत्मसात केली. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला असता प्लेगच्या साथीत त्यांची प्रथम पत्नी आणि मूल दगावले. १९०१ च्या सुमारास एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीची विद्या शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोग करू लागले. हा प्रसंग चरित्रकार एक गमतीदार तपशील म्हणून देतात. वस्तुतः तो तितका किरकोळ नाही. आपण फसवले जात आहोत हे ठाऊक असूनही प्रेक्षक आनंदाने विस्मित होतो, हे जादूचे मर्म त्यांना येथे उमगले.

पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, ती सोडून लोणावळ्यास व नंतर दादरला काढलेला छापखाना, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिलामुद्रणाशी आलेला संबंध, रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी १९०९ साली केलेला जर्मनीचा प्रवास, ही त्यांच्या उमेदवारीची पुढील पायरी होय. रविवर्म्याच्या चित्रांनी देवदेवतांना मानवी चेहरा आणि ठरावीक वेष दिला होता. छापील प्रतींतून तो घरोघर पोहोचला. ऐकलेल्या कथेला पाहिलेले रूप मिळण्याची प्रक्रिया अशा रीतीने चित्रपटापूर्वीच सुरू झाली होती. फाळके त्या प्रक्रियेच्या कारखान्यात काम करून बाहेर पडले होते. भागीदारांशी मतभेद होऊन छापखाना सुटला तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते आणि हाती काहीच उरले नव्हते.

३

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांनी चित्रपटांचा ध्यास घेतला. अतिश्रमाने आणि अखंड निरीक्षणाने डोळ्यांना विकार होऊन काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांना काम पाहावयास मिळाले, आणि विल्यम्सन कॅमेरा व छिद्रण यंत्र यांची व्यवस्था करून ते परतले. एका कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडी थोडी टिपून तयार केलेली लहानशी फिल्म दाखवून त्यांनी भांडवलदाराचा विश्वास संपादन केला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्या करीत आणि चित्रणासाठी जमलेल्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. स्त्रिया काम करण्यास तयार नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या उपाहारगृहातील आचाऱ्याने केली. विश्वामित्राच्या यज्ञातील ज्वाळांत सापडलेल्या तीन शक्ती या चित्रपटात दिसतात. अद्भुताचे ते फाळक्यांचे पहिले पाऊल होय. त्याच वर्षी बिऱ्हाड व चित्रशाळा नाशिकला हलवून त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ पूर्ण केला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. त्यांचे चित्रपट तेथे दाखवले गेले आणि तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. ती त्यांनी नाकारली. युद्ध सुरू होताच भांडवल आटले, आणि पुढील दोन-तीन वर्षे ओढाताणीची गेली. त्या ओढाताणीतून ‘लंकादहन’ निघाला.

४

‘लंकादहन’ सप्टेंबर १९१७ मध्ये गिरगावातील वेस्ट एंड चित्रगृहात झळकला. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तर गणपत शिंदे हनुमान झाले. आज या चित्रपटाचे काही तुकडेच शिल्लक आहेत. अशोकवनात बसलेली सीता, वृक्षावरून सर्व न्याहाळणारा हनुमान, आकाशात झेपावणारी त्याची आकृती, एवढ्यावरून सबंध कृतीविषयी निर्णय देणे धाडसाचे ठरेल. तरीही मूळ काव्य समोर ठेवून हे तुकडे पाहिले असता चित्रपटांतराचा प्रश्न स्पष्ट होतो.

सुंदरकांडाच्या पहिल्याच सर्गात दोनशेच्या आसपास श्लोक केवळ समुद्रोल्लंघनास दिलेले आहेत. उड्डाणापूर्वी पर्वत कसा दबला, वृक्ष कसे उन्मळले, सागराने मैनाकास कसे वर पाठवले, सुरसेच्या मुखातून हनुमान कसा निसटला, हे सारे कवी विस्ताराने सांगतो. त्या विस्तारातच अंतराची जाणीव निर्माण होते. श्रोत्याला उड्डाणाइतका वेळ श्लोकांबरोबर प्रवास करावा लागतो. पडद्यावर हेच उड्डाण काही क्षणांत आटोपते. परंतु त्या क्षणांत काव्याला न साधणारी एक गोष्ट घडते : शरीर खरोखर हवेत दिसते. कॅमेरा थांबवून पात्र बदलणे किंवा एकाच फिल्मवर दोन वेळा चित्रण करणे ही त्या काळची साधने होत. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ साली चंद्रावरच्या प्रवासाचा चित्रपट अशाच युक्त्यांनी सजवला होता. प्रोफेसर केल्फांना या विद्येची दीक्षा वेगळी घ्यावी लागली नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा भाषेचा आहे. अशोकवनात सीता दिसल्यानंतर हनुमान तिच्याशी कोणत्या भाषेत बोलावे या विचारात पडतो. संस्कृतात बोललो तर रूप पालटून आलेला रावणच म्हणून ती भिईल, अशी त्याला शंका येते, आणि अखेर तो सामान्य माणसाची अर्थपूर्ण वाणी पत्करतो. मग वृक्षावर बसून तो तिला आरंभापासून रामाची कथा ऐकवतो. अंगठी पुढे येते ती त्यानंतर. मूळ काव्यात विश्वास प्रथम शब्दाने निर्माण होतो आणि मागाहून वस्तूने दृढ होतो. साहित्याच्या अभ्यासकास हा प्रसंग विशेष मोलाचा वाटेल, कारण दूताने भाषेची निवड करणे हा अनुवादाचाच प्रश्न आहे.

मूकपटाला हा प्रसंग जसाच्या तसा घेणे शक्य नव्हते. हनुमानाचे अंतर्गत द्वंद्व दाखवण्यास त्याच्यापाशी मुखवटा चढवलेल्या नटाचा हावभाव आणि फार तर दोन ओळींची पाटी एवढेच साधन. साहजिकच भार अंगठीवर पडला. खूण ही डोळ्याला दिसणारी वस्तू आहे. तिला भाषा लागत नाही. काव्यातील विवेकी, वाक्पटू दूत पडद्यावर प्रामुख्याने पराक्रमी आणि चपळ दूत झाला, ही या चित्रपटांतराची हानी मान्य केली पाहिजे.

पण हानीबरोबरच एक लाभ झाला आणि तो फार मोठा होता. हनुमानाला भाषा निवडावी लागली, तर फाळक्यांच्या पटाला ती निवडावीच लागली नाही. पाट्या बदलल्या, किंवा चित्रगृहात कोणी मोठ्याने अर्थ सांगितला, की तोच चित्रपट मराठी, गुजराती, तमिळ वा कन्नड भाषक प्रेक्षकांपुढे जाऊ शके. ज्यांना कंबन ठाऊक होता, ज्यांना तुलसीदास पाठ होता, ज्यांनी श्रीधर ऐकला होता, त्या सर्वांना पडद्यावरची सीता ओळखू येत असे, आणि प्रत्येक जण आपापल्या रामायणातील शब्द मनात भरून घेत असे. रामाची आकृती दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागत, अशा आठवणी या चित्रपटाविषयी सांगितल्या जातात. त्यांतील अतिशयोक्ती वजा घातली तरी यश असामान्य होते याविषयी दुमत नाही.

५

याच सुमारास अमेरिकेत एका कादंबरीकाराने जवळजवळ असाच उद्योग आरंभिला होता. एल. फ्रँक बॉम यांची ओझ या मायानगरीची कादंबरी १९०० साली प्रसिद्ध झाली. वावटळीत उडून गेलेली एक मुलगी घराची वाट शोधत निघते, ही तिची कथा. बॉम यांनी १९०८ साली चलच्चित्रे व रंगीत काचचित्रे यांच्या साहाय्याने स्वतः कथन करण्याचे प्रयोग केले आणि त्या खर्चात ते बुडाले. १९१४ साली त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ओझकथांसाठी स्वतंत्र चित्रसंस्था काढली. तीही वर्षभरातच डबघाईस आली, कारण असले चित्रपट केवळ मुलांसाठी असतात असा तेथील प्रेक्षकांचा व वितरकांचा समज होता. १९१९ साली बॉम निवर्तले. त्यांच्या कथेला पडद्यावर चिरस्थायी यश लाभले ते १९३९ साली, ध्वनी आणि रंग यांच्यासह.

दोघांचीही साधने तुटपुंजी होती आणि दोघांचाही विषय अद्भुत होता. फरक प्रेक्षकाच्या पूर्वतयारीत होता. पाश्चात्त्य प्रौढ प्रेक्षकाने अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात केली होती. भारतीय प्रेक्षकाच्या लेखी मात्र ते श्रद्धेच्या आणि नित्य श्रवणाच्या कक्षेत होते. फाळक्यांना कथा सांगण्याचा भार वाहावा लागला नाही. ती अगोदरच सांगून झालेली होती.

या श्रद्धेचा त्यांनी गैरफायदा घेतला काय, असा प्रश्न कोणी विचारील. ‘कालियामर्दन’ हा १९१९ सालचा चित्रपट त्याचे उत्तर देतो. फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या प्रारंभी ती कृष्ण म्हणून येत नाही. एका लहान मुलीच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव प्रथम दाखवले जातात, आणि मगच ती बालकृष्णाच्या वेषात समोर येते. जादूगार आपले हात रिकामे असल्याचे आधी दाखवतो, तसाच हा प्रकार आहे. ही एक मुलगी आहे हे सांगून झाल्यावरही प्रेक्षकाने तिच्यात कृष्ण पाहावा, एवढा विश्वास त्यांना प्रेक्षकावर होता. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपटही त्यांनी काढला होता. त्यामागची वृत्ती हीच.

६

१९१८ साली भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ यांनी तिला नाव आणि पैसा मिळवून दिला. परंतु कलावंत आणि भागीदार यांचे फार दिवस पटले नाही. खर्चाचा हिशेब आणि चित्रणाचा वेळ यांवरून खटके उडू लागले. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. आयुष्यभर नि:शब्द चित्रांतून बोलणाऱ्या या माणसाने उद्वेगाच्या काळात शब्दांचा आश्रय घ्यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. नाटक १९२२ साली रंगमंचावर आले, पण त्याला अपेक्षित यश लाभले नाही. ते कंपनीत परतले आणि पुढील काही वर्षे त्यांनी चित्रपट काढले. मात्र त्या काळात बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कलादृष्टीची नवी मानके निर्माण केली होती, आणि प्रेक्षकांची अभिरुचीही बदलत होती.

अशा वेळी, साठी उलटलेली असताना, फाळके पुन्हा रामकथेकडे वळले. ‘लंकादहना’त दूताचा शोध पूर्ण झाला होता, आता समुद्रावर सेतू बांधावयाचा होता. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच योजला गेला. किष्किंधेशी परंपरेने जोडल्या गेलेल्या हंपीच्या परिसरात त्याचे काही चित्रण झाले. पैसा संपल्यामुळे काम मध्येच थांबले. दरम्यान १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. विषय हरिश्चंद्राचाच, म्हणजे फाळक्यांच्याच पहिल्या चित्रपटाचा. ‘सेतुबंधन’ला १९३४ साली मागाहून ध्वनी जोडण्यात आला. ओठांची हालचाल मुक्या नटाची आणि आवाज दुसऱ्याचा, अशा स्थितीत हा सेतू दोन युगांना जोडू शकला नाही.

याच वर्षी घडलेली आणखी एक घटना येथे नोंदवली पाहिजे. पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये तयार झाला आणि ३ मार्च १९३४ रोजी बेंगळूर येथे प्रदर्शित झाला. सुलोचना ही इंद्रजिताची पत्नी, म्हणजे कथा पुन्हा लंकेचीच. कोल्हापुरातील यंत्रसामग्रीने आता कन्नड प्रेक्षकांसाठी कन्नडात बोलणारी लंका उभी केली होती. हनुमानाचा तो जुना प्रश्न, कोणत्या भाषेत बोलावे, चित्रपटापुढेही येऊन ठाकला होता, आणि प्रत्येक प्रांत त्याचे उत्तर आपल्या वाणीत देऊ लागला होता. भारतीय भाषांच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. पण एकच चित्र सर्वांचे आणि शब्द ज्याचे त्याचे, ही फाळक्यांची भूमी त्याबरोबर नाहीशी झाली.

१९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. स्वर्गातून उतरणारी गंगा दाखवण्यात त्यांच्या युक्त्यांचे तेज पुन्हा दिसले. संवादांच्या बाबतीत मात्र ते परक्या प्रदेशात वावरत होते. त्यांची अखेरची वर्षे नाशिकला गेली. चित्रपटसृष्टीने त्यांना अल्पशी मदत केली, तीही उशिराच. युद्धकाळात चित्रपटनिर्मितीसाठी परवाना लागत असे. त्यांनी मागितलेला परवाना मिळाला नाही, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. त्यांच्या असंख्य चित्रपटांपैकी मात्र मोजकेच आज उपलब्ध आहेत.

७

अद्भुत शोधकथेचे चित्रपटांतर आज तांत्रिकदृष्ट्या दुर्घट राहिलेले नाही. टॉल्किन यांची १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेली मुद्रिकेची महाकादंबरी २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपटांतून जगभर गेली आणि संगणकाला कोणतीही मायानगरी असाध्य नाही हे सिद्ध झाले. बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या वसाहतीत एकाच इमारतीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि बंगाली कुटुंबे राहतात. त्यांची मुले समुद्रावरून झेपावणारा हनुमान एकाच पडद्यावर, हव्या त्या भाषेत पाहू शकतात. १९१७ च्या पटापेक्षा हे चित्र कितीतरी निर्दोष असते. त्या मुलांनी घरी रामविजय अथवा तोरवे रामायण ऐकलेले असेलच, अशी खात्री मात्र देता येत नाही.

फाळक्यांच्या आयुष्यातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध येथे आहे. त्यांच्या चित्राचा अपुरेपणा हा प्रेक्षकाच्या श्रवणसंचिताने भरून निघत होता. त्यांचे अर्धे चित्रपटांतर पडद्यावर होत असे आणि अर्धे प्रेक्षकाच्या मनात. ते संचित क्षीण झाल्यास पडद्याला सर्वच दाखवावे लागते, आणि सर्व दाखवूनही कथा अपुरी राहते. म्हणून साहित्यकृतीवरील चित्रपटाचे मूल्यमापन करताना मूळ संहितेशी तो किती एकनिष्ठ राहिला एवढेच पाहून भागणार नाही. त्या संहितेचे कोणते शब्द प्रेक्षक आपल्याबरोबर घेऊन आला होता, हेही तपासावे लागेल. ‘लंकादहना’चे उरलेले तुकडे आज पाहताना आपणांस जे न्यून जाणवते, त्यातील काही फिल्म नष्ट झाल्यामुळे आहे; आणि काही, त्या नि:शब्द चित्रात शब्द भरणारा श्रोता आता आपल्यात उरला नाही म्हणून आहे.